नाकातल्या अक्षरांची फाईल

३ नोव्हेंबर

पेर्लाला नोकरी लागली. म्हणजे अर्धी लागली. व्हियारिका शहराच्या जन्म-मृत्यू नोंदणी कचेरीत तिला समोरच्या खिडकीवर बसवणार आहेत. खेड्यांतून येणाऱ्या माणसांना स्पॅनिश धड येत नाही. त्यांना दाखले आमच्या ग्वारानी भाषेत वाचून दाखवायचे आणि त्यांचं म्हणणं टाइप करायचं, एवढंच काम. माझ्या धाकट्या बहिणीचे डोळे जाऊन सात वर्षं झाली, पण टाइप ती माझ्या दुप्पट वेगाने करते. घरी मी लिहिलेला ‘आय्वु’ हा प्रोग्राम तिला पडद्यावरचं ग्वारानी मोठ्याने वाचून दाखवतो. तोच कचेरीच्या मशिनवर घालायचा की झालं, असं मी धरून चालले होते.

तिथला तंत्रज्ञ बेनिग्नो माझाच विद्यार्थी. टेक्निकल शाळेत मी त्याला दोनदा नापास केलं होतं. त्याचा सूड त्याने आज फार नम्रपणे घेतला.

“प्रोफेसोरा, सरकारी मशिनवर घरचं काही घालता येत नाही. आमची मशिनं डेबियनवर चालतात, त्याच्या अधिकृत भांडारात जे प्रोग्राम आहेत तेवढेच. वरून हुकूम आहे.”

“अरे, मी लिहिलाय प्रोग्राम! फुकट देतेय!”

“तुमच्या आईच्या हातची चीजची चिपा असली तरी नाही. भांडारात घाला आणि मग सांगा.”

जसं काही फडताळात बरणी ठेवायची आहे! पण त्याने तारीखही सांगितली. भांडाराची नवी आवृत्ती तयार होते आहे. १५ फेब्रुवारीला दरवाजे बंद, त्यानंतर दोन वर्षं नवीन काही आत येणार नाही. कचेरीच्या नव्या मशिनांवर तीच आवृत्ती बसणार. पेर्लाची नेमणूक फेब्रुवारीअखेरपर्यंत आहे. तोवर शिपाई तिला शेजारी बसून वाचून दाखवेल. कचेरीच्या प्रमुख दोन्या ब्लासिदा स्पष्ट म्हणाल्या, “मार्चपासून मशीन वाचत असेल तर ती राहील. नाहीतर एका पगारात दोन माणसं मला परवडत नाहीत.”

पेर्लाला घेऊन घरी निघाले. मी म्हटलं, “काळजी करू नकोस, मी आहे ना.” ती म्हणाली, “हो ताई, तू आहेसच.”

६ नोव्हेंबर

सकाळी नऊ वाजता जाहीर केलं की मी निल्दा ओकारिस, ‘आय्वु’ नावाचा प्रोग्राम भांडारात आणायचा माझा इरादा आहे. तशी रीतच आहे म्हणे. आधी जगाला इरादा सांगायचा, म्हणजे दुसरं कुणी तेच काम करत असेल तर कळतं.

थंडगार तेरेरे प्यायला बर्फ फोडून येईपर्यंत उत्तर! ब्राझीलमधल्या कुरितिबाहून, जुरेमा नावाच्या बाईचं. नवख्याला एकट्याला आत जाता येत नाही, कुणी जुनं माणूस जामीन राहावं लागतं, ती आपण होऊन राहते म्हणाली. ना ओळख ना पाळख. मी विचारलं, तुमचा यात काय फायदा? तिने लिहिलं, “माझी आजी पाराग्वाय सीमेवरची. तिची भाषा मला आली नाही. मशीनला तरी येऊ दे.” दिवसा ती दातांच्या कवळ्या बनवते आणि पाचनंतर भांडारासाठी प्रोग्रामची गाठोडी, म्हणजे पॅकेजं.

मी दोन वेळा वाचलं ते. मग पेर्लाला वाचून दाखवलं. जगात अशी माणसं असतात हे मला चोपन्नाव्या वर्षी कळतंय.

१६ नोव्हेंबर

जुरेमाचे एकतीस आक्षेप! एकतीस! मॅन्युअलचं पान नाही. अमुक फाईल चुकीच्या जागी आहे. वर्णनात ‘अतिशय उत्कृष्ट’ लिहिलंय ते काढा. का? “कारण ते वापरणाऱ्याने ठरवायचं,” म्हणे. तेवीस वर्षं पोरांच्या वह्यांवर लाल शाई मी ओतली, आता माझ्या वहीवर कुणी ओततंय.

संध्याकाळपर्यंत फणफणत होते. पेर्ला आतून म्हणाली, “ताई, त्या बाईने तुझं पान न् पान वाचलंय. तुझं कुणी एवढं कधी वाचलं होतं का?”

एकोणीस आक्षेप दुरुस्त करून झोपले.

२९ नोव्हेंबर

आज जे झालं ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. जुरेमाने माझा प्रोग्राम जगभरच्या निरनिराळ्या जातींच्या मशिनांवर चालवून पाहिला. भांडारात यायचं तर तो फक्त माझ्या टेबलावर चालून भागत नाही, सगळीकडे चालावा लागतो. त्यात एका जातीची अवाढव्य मशिनं आहेत, मोठ्या बँकांत असतात तसली. ती आकडे उलट्या टोकाकडून साठवतात. त्यावर माझा आय्वु बोबडा झाला! ‘पाणी’ म्हणायला सांगितलं तर नुसता फुसफुसला. चूक माझीच होती. गेली आठ वर्षं ती तिथे बसली होती आणि इथे कुणाच्याच मशिनवर दिसली नसती.

मी जुरेमाला विचारलं, अहो, बँकेच्या त्या मशिनवर ग्वारानी कोण ऐकणार आहे? ती म्हणाली, “ते आपण कशाला ठरवायचं? उद्या कुणाला लागलं तर?”

उद्या कुणाला लागलं तर. माझ्या अंगावर काटा आला, खरं सांगते. चर्चमध्ये सुद्धा आजकाल येत नाही.

१३ डिसेंबर

आता कागदपत्रांची फाईल. पॅकेजसोबत एक साधी यादी द्यावी लागते: कोणती फाईल कुणी लिहिली, कोणत्या साली, कोणत्या परवान्याखाली. मी एका ओळीत संपवलं. सगळ्या फाईली, निल्दा ओकारिस.

जुरेमाने विचारलं, “सगळ्या? नक्की?”

“नक्की.”

इथे लिहायला हरकत नाही, ही वही माझीच आहे. एक फाईल माझी नाही. नाकातल्या अक्षरांची. ग्वारानीत शब्दातलं एक अक्षर नाकातून निघालं की शेजारची अक्षरंही त्याच्यामागे नाकात जातात. कुठवर जातात आणि कुठे थांबतात, त्यातच सगळी मेख आहे. ती फाईल तेओफिलोने लिहिली. तेओफिलो अन्यास्को, माझा विद्यार्थी आणि मग पेर्लाचा होणारा नवरा. पेर्लाचे डोळे जात होते त्या वर्षी तो रोज दुपारी यायचा, तिच्या खोलीत कॉम्प्युटर घेऊन बसायचा. डोळे पूर्ण गेले आणि सहा महिन्यांत हाही गेला. ब्युनोस आयर्सला. मागे ही फाईल राहिली. मी तिच्या डोक्यावर माझं नाव घातलं. तीन ओळी बदलल्याही आहेत मी. ज्याने माझ्या बहिणीला अंधारात सोडलं त्याचं नाव मी जगभर मिरवू का? मुळीच नाही.

२१ डिसेंबर

जुरेमाने स्वतःची सही करून पॅकेज वर पाठवलं. आता ते नव्यांच्या रांगेत आहे. तिथले दोन-चार लोक येणारं प्रत्येक नवं पॅकेज उघडून हाताने तपासतात, तेही पगाराशिवाय. आपल्या पुढे दोनशे चाळीस आहेत.

पेर्ला रोज कचेरीत जाते. शिपाई तिला वाचून दाखवता दाखवता पेंगतो. काल एका बाळाच्या नोंदीत त्याने आईच्या जागी आजीचं नाव वाचलं आणि पेर्लाने तेच पुढे सांगितलं. आजी खिडकीवरून ओरडली, “मला साठाव्या वर्षी मूल झालं का गं?” सगळी रांग हसली. पेर्ला घरी येऊन म्हणाली, “ते हसले ते चालेल गं. पण चूक माझ्या तोंडून गेली.”

२ जानेवारी

उकाड्याने जीव नको झालाय. पंख्याखाली बसून सहज माझ्या मशिनवरच्या त्या याद्या उघडल्या. प्रत्येक पॅकेजबरोबर एक असतेच, मी आजवर कधी पाहिली नव्हती. नुसत्या गणकयंत्राची उघडली, तर बावीस नावं. अक्षरांच्या एका वळणाची, म्हणजे फॉन्टची उघडली, तर त्यात एकाने फक्त स्वल्पविराम रेखला होता आणि त्याचंही नाव होतं. पडदा उजळ करणाऱ्या चिमुकल्या प्रोग्रामची उघडली: अमुक माणूस वारला, त्याच्या मुलीने परवानगी दिली, तिचं पत्र खाली जोडलं आहे. आणि खरंच जोडलं होतं. त्यात तिने लिहिलं होतं की बाबांना आवडलं असतं.

मी तीन तास वाचत बसले. जेवायचं राहिलं. माझ्या या खरचटलेल्या कॉम्प्युटरमध्ये हजारो माणसं नावानिशी बसली आहेत आणि मला पत्ता नव्हता. कुणीतरी प्रत्येकाला विचारलंय, तुम्ही हे लिहिलंत का, देता का? प्रत्येकाने हो म्हटलंय. मी चर्चमध्ये, समुद्रापुढे उभी राहिलेय, पण इतकं लहान कधी वाटलं नव्हतं. आणि छान वाटत होतं ते लहान होणं.

मग त्या एका फाईलची आठवण झाली आणि कॉम्प्युटर बंद केला.

१४ जानेवारी

परत पाठवलं! रांगेवरच्या मारिट नावाच्या बाईचं पत्र आहे. इथे उतरवून ठेवते:

“तुमचं पॅकेज नीटनेटकं आहे. एकच गोष्ट. नाकातल्या अक्षरांच्या फाईलमध्ये लिहिण्याची ढब वेगळी आहे. बाकी सगळीकडे तुम्ही ओळीच्या आधी चार जागा सोडता, इथे तसं नाही. मला ग्वारानी येत नाही, म्हणून शब्दकोश घेऊन मधल्या टिपांचा अर्थ लावला. ‘असं नाही, पुन्हा ऐकव.’ ‘आता?’ ‘आता बरोबर, पण शेवट नाकातून हवा.’ ‘आजच्यापुरतं पुरे?’ ‘नाही, अजून वीस शब्द.’ मला वाटतं या फाईलमध्ये दोन माणसं बोलताहेत. वर नाव एकच आहे. माझा गैरसमज असेल तर क्षमा करा, पण ही दोघं कोण?”

ही बाई जगाच्या दुसऱ्या टोकाला, बर्फात कुठेतरी. भाषा तिची नाही. पॅकेज तिच्या कामाचं नाही. आणि ती शब्दकोश उघडून माझ्या सातशे ओळींतल्या टिपांचा अर्थ लावत बसली! सात वर्षं ती फाईल माझ्या घरात आहे आणि त्या टिपा मी एकदाही वाचल्या नाहीत. रागावू की पाया पडू तेच कळेना.

दोन माणसं कसली? तेओफिलोला स्वतःशी बडबडायची खोड होतीच.

१६ जानेवारी

ठरवलं, ती फाईल फेकायची आणि आपण नवी लिहायची. नावाचा प्रश्नच मिटला. दोन दिवस खपून लिहिली. पेर्लाला ऐकवली. तिने चार शब्द ऐकले आणि हसत सुटली.

“अगं ताई, सर्दी झालीय याला! डॉक्टरकडे ने!”

“नीट ऐक तरी.”

“ऐकलं. नाक चोंदलंय बिचाऱ्याचं. तू ती जुनी फाईल काढलीस का?”

“तुला काय कळतं फाईलीतलं?”

ती हसायची थांबली. “काही नाही ताई,” म्हणाली, आणि कपडे वाळत घालायला गेली.

१८ जानेवारी

एक रस्ता उरतो. त्या टिपा पुसायच्या, ओळीआधी चार-चार जागा घालायच्या, आणि कळवायचं की मीच ती, माझ्याशीच बोलत होते. कुणाला कळणार आहे? पंधरा मिनिटांचं काम. अठ्ठावीस दिवस उरलेत. पेर्लाची नोकरी की त्या पळपुट्याचं नाव?

टिपा पुसल्या. पाठवायच्या आधी जुरेमाला विचारलं, मी जे लिहून देईन ते तू तपासशील का? तिचं उत्तर आलं: “हे तपासता येत नाही, निल्दा. ही एकच गोष्ट आम्ही माणसाच्या शब्दावर घेतो. तू म्हणालीस नक्की, म्हणून मी सही केली.”

पुसलेल्या टिपा परत आणल्या. मग तिला सगळं खरं लिहिलं. तिचं उत्तर एका ओळीचं: “बरं झालं सांगितलंस, आता त्याला शोध.”

शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

२३ जानेवारी

चार दिवस तेओफिलोला शोधतेय. जुना पत्ता बंद, मावशी वारली. आज जेवताना पेर्ला शांतपणे म्हणाली, “नंबर आहे माझ्याकडे.” आणि तोंडपाठ सांगितला! म्हणे दिवाळखोर झालेल्या टॅक्सी कंपनीतल्या त्याच्या चुलतभावाने दिला होता कधीतरी. कधीतरी दिलेला नंबर एवढा पाठ? तिची स्मरणशक्ती अफाट आहे, डोळे गेल्यापासून तर जास्तच.

फोन केला. सात वर्षांचं साठवलेलं सगळं बोलायचं ठरवलं होतं. त्याने उचलला आणि म्हणाला, “प्रोफेसोरा! पेर्ला बरी आहे ना? खिडकीवर तो शिपाई अजून पेंगतो का?” शिपायाचं याला कुणी सांगितलं कोण जाणे. गावात बातम्या फिरतात.

मी कोरडेपणाने सांगितलं: तुझी फाईल आहे, तुझं नाव घालायचंय, परवान्याचं पत्र हवंय, आणि मी आधी माझं नाव घातलं होतं, ती माझी चूक. शेवटचं वाक्य जड गेलं, पण म्हटलं.

तो म्हणाला, “पण ती माझी नाही.”

“म्हणजे? तू चोरलीस?”

“नाही हो. मी नुसता टाइप करत होतो. नियम पेर्लाचे आहेत.”

“कोणत्या पेर्लाचे?” असं मी विचारलं. देवाशपथ, असंच विचारलं.

“तुमच्या. तिला पडदा दिसेनासा झाला होता. मी बोटं, ती कान. ती शब्द ऐकायची आणि सांगायची, असं नाही, पुन्हा. चार हजार शब्द. नाक कुठे थांबतं ते मला कधीच कळलं नाही. मी तर शहरातला, माझी ग्वारानी चिपा विकत घेण्यापुरती. तिने एकेक नियम काढला. टिपा वाचल्या नाहीत का तुम्ही?”

नाही वाचल्या.

२३ जानेवारी, नंतर

पेर्ला अंगणात आंब्याखाली बसली होती. मी समोर जाऊन उभी राहिले. तिला पावलांवरून कळतं.

“बोलला का तो?”

“तू का नाही सांगितलंस?”

“तू कधी विचारलंस?” चिडून नाही म्हणाली, नेहमीसारखं म्हणाली. “तू येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सांगायचीस, माझ्या आंधळ्या बहिणीसाठी मी हे केलं. इतकी खूश असायचीस. मला वाटलं, असू दे.”

“आणि तेओफिलो? तो तुला टाकून...”

“मी त्याला जा म्हटलं. इथे काम नव्हतं त्याला. आणि मला कुणी हात धरून चालवायला नको होतं तेव्हा. तू एक होतीस तेवढी पुरे होती.”

मी तिथेच मातीत बसले आणि रडले. तिने माझं डोकं चाचपलं आणि म्हणाली, “केस किती विरळ झालेत गं तुझे.” मग दोघीही हसलो.

सात वर्षं मी तिची काळजी घेतली. जेवण, कपडे, औषधं. तिला काय येतं ते मात्र एकदाही पाहिलं नाही. माझी बहीण आंधळी आणि मी डोळस, असं मी समजत होते.

२५ जानेवारी

मारिटला पत्र पेर्लाने स्वतः लिहिलं. मी म्हटलं, मी मसुदा करून देते. “हात मागे घे,” म्हणाली. आय्वु तिला तिचंच वाक्य परत वाचून दाखवत होता आणि ती खोडत होती. शेवटी उरलं ते एवढंच:

“त्या फाईलमध्ये दोन माणसं आहेत, तुमचा अंदाज बरोबर. विचारणारा तेओफिलो अन्यास्को. सांगणारी मी, पेर्ला ओकारिस. नियम माझे आहेत, टाइप त्याने केलं. आम्ही दोघं हे सर्वांना मुक्तपणे वापरायला देतो. त्याचं पत्र वेगळं येईल. तुम्ही नीट ऐकलंत म्हणून आभार.”

जुरेमाने यादी नव्याने केली, सही केली, आणि परत रांगेत. आता आपल्या पुढे किती आहेत ते बघायचं मी सोडलंय.

७ फेब्रुवारी

काही नाही. आत आल्यावरही पाच दिवस तिथेच थांबावं लागतं, कुणी तक्रार करतंय का ते बघायला. म्हणजे दहा तारखेला तरी आत हवं. दिवसातून शंभरदा टपाल बघते. पेर्ला म्हणते, “ताई, सारखं झाकण उघडलंस तर भात शिजत नाही.”

नाही झालं तर? मारिटला घाई करा म्हणून लिहावंसं वाटतं. पण तिच्यापुढे दोनशे जणांची पानं आहेत आणि त्यातल्या प्रत्येकाची कुठेतरी एक पेर्ला असेलच. नाही लिहिलं.

९ फेब्रुवारी

स्वीकारलं!!!

सकाळी सहा चाळीसला. एका शब्दाचं ठरावीक साच्याचं पत्र, आणि खाली मारिटने हाताने जोडलेली ओळ: “पेर्ला, शब्दकोश आता माझ्या टेबलावरच राहील.”

मी किंचाळले, तर शेजारची कोंबडी पण किंचाळली. पेर्लाने तीनदा ऐकलं. मग आंघोळीला गेली ती पाऊण तासाने आली, डोळे लाल. दुपारपर्यंत त्या सगळ्या जातींच्या मशिनांनी आपापलं पॅकेज बांधलं, एकेक हिरवी खूण उमटत गेली. उलटे आकडे वाचणाऱ्या मशिनाची शेवटी. मी खुर्ची ओढून नुसती बघत बसले. कुठल्या कुठल्या देशांत, कुठल्या कुठल्या तळघरांत, माझ्या बहिणीचे कान बसवले जात होते.

१४ फेब्रुवारी

आत! खऱ्या अर्थाने आत. दरवाजे बंद व्हायला एक दिवस असताना. तेओफिलोचा फोन आला, पेर्लाला. दार लावून बोलली, एक तास. मी काही विचारलं नाही. शिकतेय.

२६ फेब्रुवारी

नवी मशिनं आली. बेनिग्नोने पेर्लासमोर मशीन ठेवलं आणि म्हणाला, “मी घालून देऊ का?” ती म्हणाली, “नको.” एक ओळ टाइप केली, एवढीच. आमच्या चार महिन्यांचं सगळं काम एका ओळीत आलं. भांडारातून पॅकेज उतरलं, बसलं आणि आय्वु बोलला, अगदी मोकळ्या नाकाने. पहिलीच बाई यातायती गावची, नातीचा दाखला न्यायला आलेली. पेर्लाने कानात यंत्र अडकवलं, दाखला उघडला आणि घडाघडा वाचून दाखवला. मधे एकदा थांबली. म्हणाली, “आजी, इथे तारीख एकोणीस आहे, तुम्ही मघाशी सतरा म्हणालात.” ती सतराच होती. गेल्या आठवड्यात नोंद करताना शिपायाने चुकीची वाचली होती. रांगेत कुणी हसलं नाही.

दोन्या ब्लासिदा मागे हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्या सहजी हरणाऱ्या नाहीत.

“सगळं ठीक आहे,” त्या म्हणाल्या, “पण हे कुठल्या कंपनीचं नाही ना? उद्या बिघडलं, काही भलतंच वाचायला लागलं, तर मी धरायचं कुणाला? बेनिग्नो तर हात वर करेल.”

बेनिग्नोने खरंच हात वर केले.

मी तोंड उघडलं. अहो, प्रोग्राम माझा आहे, मला धरा, असं म्हणणार होते. जिभेवर आलं होतं. गिळलं.

पेर्ला म्हणाली, “सोबत यादी येते, दोन्या ब्लासिदा. कुणी काय केलंय ते लिहिलेलं असतं.” तिने कानातलं यंत्र काढलं, आवाज मोठा केला आणि यादी उघडली. सगळी रांग ऐकत होती. आय्वु वाचत गेला. निल्दा ओकारिस, अमुक अमुक फाईली. आणि मग, नाकातल्या अक्षरांचे नियम, पेर्ला ओकारिस. टाइप करणारा, तेओफिलो अन्यास्को.

“ही पेर्ला ओकारिस म्हणजे?” दोन्या ब्लासिदांनी विचारलं.

“मी,” पेर्ला म्हणाली. “बिघडलं तर मला धरा. मी इथेच असते, आठ ते चार.”

दोन्या ब्लासिदा आत गेल्या आणि नेमणुकीचा कागद घेऊन आल्या. सही कुठे करायची ते दाखवायला मी पेर्लाचा हात धरायला पुढे झाले, आणि थांबले. तिने कागदाची कड बोटाने मोजली, बोट खाली सरकवलं आणि सही जिथे करायची तिथेच केली.